बाबर आला, हत्ती कस्टम्सात अडकले

परदेशातून छोटे सैनिक मागवणार असाल, तर पैसे भरायच्या आधी विकणाऱ्याला एक मेल टाका: पार्सलवर 'टॉय' हा शब्द लिहू नकोस. बाकीचं सवडीनं वाचलंत तरी चालेल. या एका शब्दापायी फळीवर छोट्या बाहुल्यांनी मांडायची माझी लढाई, म्हणजे तिचा देखावा, पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत खोळंबली, आणि ती आठवण निघाली की अजून डोकं फिरतं.

लढाई पानिपतची. हे म्हटलं की ग्वाल्हेरातला प्रत्येक मराठी माणूस फळीवर वाकून आधी सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव शोधतो. शिंद्यांच्या गावात ते साहजिकच. जनकोजी तिथून परत आले नाहीत, महादजी आले ते पाय कायमचा अधू होऊन; ही पानिपताची गोष्ट इथं प्रत्येक घरात सांगून झालेली असते. पण माझं पानिपत त्याच्या सव्वादोनशे वर्षांहून आधीचं, २१ एप्रिल १५२६ चं. बाबर आणि इब्राहिम लोदी. "मग त्यात आपलं काय?" असं आमच्या धाकट्या दिरांनी विचारलं होतं. मराठ्यांचं काही नाही, पण ग्वाल्हेरचं आहे. ज्यांनी मानमंदिर बांधलं त्या तोमरांचा विक्रमाजीत त्या दिवशी लोदीच्या बाजूनं लढताना मारला गेला. त्याचं कुटुंब आग्र्यात होतं. त्यांनी हुमायूनला जे जडजवाहीर दिलं त्यात एक हिरा होता, आणि त्याची किंमत बाबरानं लिहून ठेवलीय: अवघ्या जगाला अडीच दिवस पुरेल एवढं अन्न. पुढं लोक त्यालाच कोहिनूर म्हणू लागले. किल्ल्याखाली जन्म काढून हे कुणी शाळेत सांगितलं नाही, म्हणून म्हटलं आपणच मांडावं.

फळी, माती, गवत यात काही अडलं नाही, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. नऊ फूट बाय पाच, पण सहा तुकड्यांत, खालून बोल्टनं जोडलेली. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरांची दारं ज्यांनी पाहिलीत त्यांना कारण सांगायला नको. मापाचं मात्र आधी कागदावर करून घ्या. १:७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागात, माणूस जेमतेम २४ मिलिमीटरचा होतो, पण खरा एक किलोमीटर जवळजवळ १४ मीटर होतो. म्हणजे माणसं मापात आणि मैदान आवळलेलं, असाच व्यवहार करावा लागतो. बाबराकडे बाजारबुणग्यांसकट १२,००० माणसं. एक बाहुला म्हणजे वीस माणसं धरली, की सहाशे. गाडे ७००, त्याच हिशेबानं पस्तीस. लोदीचं सैन्य लाखाचं म्हणतात, त्याची फक्त पुढची फळी दाखवली. हत्ती बाबराच्या अंदाजानं हजारभर, मी वीस घ्यायचे ठरवले. त्याहून जास्त पैसे नव्हते.

बाबराची माणसं वेगवेगळ्या देशांतून, छोट्या पाकिटांत, टप्प्याटप्प्यानं आली आणि एकही अडलं नाही. पोस्टमनकाका आणून देत, मी सही करत असे. त्यामुळे मी निर्धास्त होते. हत्ती मात्र एका दुकानदाराकडून एकदम, मोठ्या खोक्यात मागवले, आणि त्या भल्या माणसानं कस्टम्सच्या चिठ्ठीवर लिहिलं: 'टॉय सोल्जर्स अँड एलिफंट्स'.

इथून पुढं ट्रॅकिंगवर एकच ओळ: कस्टम्सनं रोखून ठेवलं आहे. (पार्सलच्या क्रमांकाची शेवटची दोन अक्षरं ते ज्या देशातून निघालं त्याची असतात. हाच क्रमांक आपल्या पोस्टाच्या साइटवरही चालतो, त्यासाठी वेगळा नंबर देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.) मग पत्र आलं. कुठल्या शहरातल्या ऑफिसचं ते मुद्दाम लिहीत नाही. मजकूर असा, की आपल्या नावे आलेला माल खेळणी या सदरात मोडतो, तरी बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) प्रमाणपत्र सादर करावं, नाहीतर माल परत पाठवला जाईल.

नियम खरा आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं चिन्ह सक्तीचं आहे आणि त्यामागचा हेतूही चांगला आहे, लहान पोरांच्या तोंडात विषारी रंग जाऊ नये हा. पण हे प्रमाणपत्र कारखान्याला मिळतं, गिऱ्हाइकाला नाही. वीस हत्ती विकत घेणाऱ्या बाईनं ते आणायचं कुठून? आणि नियमातलं खेळणं म्हणजे १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळायची वस्तू. माझ्या डब्यांवर ठळक छापलेलं होतं की हे १४ च्या वरच्यांसाठी, जोडून रंगवायचे मॉडेल.

मी हे सगळं लिहून पाठवलं. ओळखपत्र, बिल, पैसे भरल्याचं बँकेचं स्टेटमेंट, डब्याच्या फोटोची प्रिंट, दुकानदाराच्या साइटवरचं पान. डायोरामा म्हणजे काय हे कळावं म्हणून लिहिलं, की संग्रहालयात असतो तसा युद्धप्रसंगाचा देखावा. सोबत लीड्सच्या शस्त्रसंग्रहालयातल्या अ‍ॅजिनकोर्टच्या देखाव्याचा फोटोही जोडला. १४१५ च्या त्या लढाईला सहाशे वर्षं झाली तेव्हा, २०१५ साली, तो केला गेला; बाहुले पेरी बंधूंचे. चार हजारांवर बाहुले आहेत त्यात. म्हटलं, हा पोरखेळ नाही एवढं तरी कळेल. स्पीड पोस्टनं पाठवलं, मेलनंही पाठवलं. उत्तर नाही. फोन वाजत राहायचा. एकदा कुणीतरी उचलला.

"मॅडम, हाथी हैं, सिपाही हैं, तो खिलौना ही हुआ ना?"

"भैया, डिब्बे पे लिखा है चौदह साल से ऊपर."

"वो तो सब लिख देते हैं."

चिडून फोन ठेवला, पण त्याचंही अगदीच चूक नव्हतं. 'केवळ मुलांसाठी असो वा नसो' अशा अर्थाचे शब्द त्या आदेशात आहेत, आणि डब्यावर चौदा लिहून खेळणी खपवणारे व्यापारी असणारच. मला राग आला तो माझे कागद कुणी उघडूनच पाहिले नाहीत याचा. हे मला तेव्हा नुसतं वाटत होतं, पुढं खरंच निघालं.

केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवर तक्रार केली. ती 'संबंधित विभागाकडे पाठवली' असं म्हणून बंद झाली. पुन्हा केली, पुन्हा तेच. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याकडेच ती पाठवून बंद करायची, याला निवारण म्हणतात. तरी तक्रार कराच, एवढ्यासाठी की तिच्या क्रमांकामुळे माल परत पाठवताना तिथला माणूस जरा कचरतो. निदान माझं खोकं परत गेलं नाही.

कुणी सुचवलं, दुकानदाराला 'गिफ्ट' म्हणून पुन्हा पाठवायला सांग. अजिबात करू नका. डिसेंबर २०१९ पासून भेटवस्तू म्हणून शुल्कमाफीत काही येत नाही, राखी आणि जीव वाचवणारी औषधं सोडून. वर आधीच अडकलेल्या खोक्यावर संशय वाढतो तो वेगळाच.

त्या दिवसांत मला विल्यम सायबोर्नची फार आठवण यायची. मध्ययुगातला नाही तो, वॉटर्लूवाला, पण देखावे करणाऱ्यांचा मूळपुरुष म्हणावा असा. १८३० साली इंग्लंडच्या लष्करानं त्याला वॉटर्लूची प्रतिकृती करायला सांगितली. तो रणांगणावरच्याच एका शेतघरात महिनोन्महिने राहून मोजणी करत बसला आणि १८३३ मध्ये सरकारनं पैसे थांबवले. बिचाऱ्यानं स्वतःच्या खिशातून आणि उधारीवर काम पुरं केलं, १८३८ मध्ये लंडनात तिकीट लावून दाखवलं. हजारो शिशाचे बाहुले. आज ते लष्करी संग्रहालयात आहे. सरकारी कागदापुढं हात टेकलेल्यांची आपली जात जुनी आहे, एवढंच समाधान.

दिवाळीत शेजारच्या पोरांनी अंगणात किल्ला केला, मावळे मांडले, अळीव पेरलं. माझ्या फळीवर अजून लोदीची बाजू मोकळी. मग मी भाच्याला फोन केला. तो त्याच शहरात नोकरीला. त्याच्या नावे अधिकारपत्र, माझ्या आणि त्याच्या ओळखपत्राच्या प्रती, आधीच्या पत्रव्यवहाराचा संच, आणि फोनमध्ये अर्धवट देखाव्याचे फोटो. हे मी पहिल्यांदाच करायला हवं होतं असं सगळे म्हणतात. पण ज्याचा भाचा तिथं नाही त्यानं काय करावं, ते कुणी सांगत नाही.

तिथल्या साहेबांनी कागद बाजूला सारले आणि फोन हातात घेतला. फोटो मोठा करून बघत बसले. मग विचारलं, "ये गाड़ियाँ आपस में बाँधी क्यों हैं?" भाच्याला काय माहीत! त्यानं मला लावून दिलं. मी पोळ्या लाटत होते. तशीच, पीठभरल्या हातानं फोन धरून सांगितलं, की हीच तर बाबराची युक्ती. सातशे गाडे कच्च्या चामड्याच्या दोरांनी एकमेकांना जखडले, रूमी तुर्कांची पद्धत ती. दर दोन गाड्यांमध्ये पाच-सहा ढालीचे आडोसे, त्यांच्यामागं तोडेदार बंदुकवाले. उजवीकडे पानिपत गाव, डावीकडे खंदक आणि तोडलेल्या फांद्या. मधेमधे शेदीडशे घोडेस्वार सुटतील अशा फटी. लोदी समोरून चालून आला आणि दोन्ही बगलांनी वळसा घालून बाबराच्या स्वारांनी त्याला मागून गाठलं. सूर्य भालाभर वर आला तेव्हा सुरू झालं आणि दुपारपर्यंत आटोपलंही. साहेबांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "तो ये पहले क्यों नहीं बताया?"

माझ्या पत्राच्या दुसऱ्या पानावर हेच्या हे लिहिलेलं होतं.

खोकं सुटलं. प्रमाणपत्राच्या कामापुरते हत्ती खेळणी राहिले नाहीत. पण पैशांच्या कामापुरते राहिले, कारण शुल्काच्या यादीत मापातली मॉडेलं आणि खेळणी एकाच शीर्षकाखाली येतात, ९५०३. मूळ शुल्क २०२० पर्यंत २० टक्के होतं, मग ६० झालं, २०२३ पासून ७०. आणि ते नुसत्या वस्तूवर नाही, टपालखर्च धरून होणाऱ्या किमतीवर. म्हणून बिलात टपालखर्च वेगळा दिसेल असं बघा, नाहीतर ते आपल्या अंदाजानं धरतात. रक्कम पोस्टमनकाका दारात घेतात. सुटे पैसे काढून ठेवा, पावती मागून घ्या.

खोकं कस्टम्सनं उघडून पुन्हा चिकटवलेलं होतं. आत दोन सोंडा वाकलेल्या. हत्ती मऊ प्लॅस्टिकचे असतील तर घाबरू नका. चहाला ठेवतो तसं कडकडीत पाणी घ्या, सोंड बुडवा, बोटांनी सरळ करा आणि लगेच गार पाण्यात धरा, तशीच राहते. या प्लॅस्टिकला फेव्हिक्विक धरत नाही. दोन अर्धुकं जोडायला आत तापवलेल्या टाचणीचा तुकडा घालावा लागतो. आणि रंगाआधी साबणाच्या पाण्यानं धुऊन घ्या, साच्यातला तेलकटपणा राहिला की भाल्यावरचा रंग पापुद्र्यासारखा निघतो. गाड्यांचे दोर मी चांभाराच्या मेणदोऱ्याचे केलेत, चामड्यासारखेच दिसतात. चाकं इथल्या कंपू भागातल्या एका नावपट्ट्यावाल्यानं लेसरवर कापून दिली. त्यानं एकच विचारलं, किती हवीत.

विक्रमाजीतला लोदीजवळ ठेवलाय, पागोट्याला केशरी रंग दिलाय म्हणजे दाखवायला सोपं. पाहायला येणारे मान हलवतात आणि मग विचारतात, विश्वासराव कुठं?

आता खानव्याचं मनात आहे, १५२७ चं. राणा सांगाकडेही हत्ती होते, म्हणजे हत्ती लागणारच. दीर म्हणाले, एवढं कस्टम्स-बिस्टम्स कशाला, कुंभाराकडून करून घे. विचारलं. तो म्हणाला, बाई, एवढ्या बारीक सोंडा भट्टीत टिकत नाहीत. तेव्हा यावेळी एका पार्सलात चारच मागवीन म्हणते, आणि भाच्याला बदली घेऊ नकोस म्हणून सांगून ठेवलंय.