दिवाळीचं विमान तिकीट काढताना मी काय बघतो

जायचं चौघांना असलं तरी पुणे-नागपूरचं भाडं मी आधी एकाच प्रवाशासाठी शोधतो. मग दोघांसाठी, मग चौघांसाठी. एका विमानातल्या इकॉनॉमीच्या सगळ्या सीट एका भावाच्या नसतात. कंपनी त्यांचे भाववार गट पाडते, त्यांना फेअर बकेट म्हणतात. समजा ४,२०० च्या बकेटमध्ये दोनच सीट उरल्यात आणि पुढचं बकेट ५,६०० चं आहे. चौघांसाठी शोधलं की बहुतेक वेळा चौघांनाही ५,६०० लागतात, कारण एका बुकिंगमध्ये सगळ्यांना एकाच बकेटमधली सीट दिली जाते. दोन-दोनची वेगळी बुकिंगं केली तर २,८०० वाचतात. पण पीएनआर दोन होतात. विमान रद्द झालं तर दोघं सकाळच्या आणि दोघं रात्रीच्या विमानात, असंही होऊ शकतं. मुलं ज्या पीएनआरमध्ये असतील त्यात मोठं माणूस हवंच.

मघाशी ४,२०० दिसलं आणि आता ५,६०० झालं, की आपण काय शोधलं हे ब्राउझर लक्षात ठेवून भाव वाढवतो, असा लोक संशय घेतात आणि इन्कॉग्निटो (इतिहास न ठेवणारी) विंडो उघडतात. बहुतेकदा झालेलं एवढंच असतं, की तेवढ्यात ते बकेट संपलं किंवा तिकीट-साइट जुनं भाडं दाखवत होती. मंगळवारी रात्री तिकीट स्वस्त मिळतं, हीसुद्धा अशीच ऐकीव गोष्ट.

रिकाम्या सीट शेवटच्या दिवशी स्वस्तात का काढत नाहीत? १९७२ मध्ये बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीतल्या केन लिटलवूड यांनी मांडलेला हिशोब अजूनही या सगळ्याच्या मुळाशी आहे. स्वस्त भाडं ४,००० आणि महाग १०,००० असेल, तर ती सीट पुढे महागात जाण्याची शक्यता ४० टक्क्यांहून जास्त असेपर्यंत ती ४,००० ला द्यायची नाही. ऐन वेळी येणारा माणूस गरजू असतो, भाव बघत बसत नाही. म्हणून शेवटच्या आठवड्यात भाडं सहसा चढतंच.

एरवीच्या दिवसांसाठी मी तीन ते सहा आठवडे आधी तिकीट घेतो, दिवाळीसाठी मात्र दोन-तीन महिने आधी. तारखेइतकीच दिशाही महत्त्वाची. धनत्रयोदशीच्या आधी पुण्याहून नागपूरकडे जाणारी विमानं भरतात, भाऊबीजेनंतर उलट. धनत्रयोदशीआधीच्या त्या दिवसांत नागपूरहून पुण्याकडे येणारं विमान त्यामानाने रिकामं असतं, त्यामुळे आई-बाबांनाच इकडे बोलावणं कित्येकदा निम्म्यात पडतं. (त्यांना पटवणं हा वेगळा विषय.) शिवाय ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून हिवाळी वेळापत्रक लागतं. त्यानंतरचं तिकीट खूप आधी काढलं असेल तर वेळ बदलल्याचा मेसेज आलाय का, हे बघत राहावं.

भाड्यांची तुलना मी पैसे भरायच्या पानावरच करतो. मूळ भाड्यावर ५ टक्के जीएसटी, २०० रुपये सुरक्षा शुल्क, विमानतळाप्रमाणे बदलणारं यूडीएफ (विमानतळ वापराचं शुल्क) आणि शेवटी कन्व्हिनियन्स फी (ऑनलाइन बुकिंगचं शुल्क), हे सगळं तिथे दिसतं. सर्वात स्वस्त भाड्यात चेक-इन बॅग धरलेली नसली, तर दिवाळीच्या सामानासह ते स्वस्त राहत नाही.

तिकीट रद्द करायची वेळ आली तर डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमानुसार रद्द-शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त लावता येत नाही. नॉन-रिफंडेबल तिकीट असो की विमान चुकलेलं असो, यूडीएफ आणि सरकारी कर परत मिळायलाच हवेत. पैसे आपोआप आले नाहीत तर कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकून मागायचे. एजंटमार्फत तिकीट काढलं असलं तरी रिफंडची जबाबदारी विमान कंपनीचीच असते. कन्व्हिनियन्स फी मात्र गेली ती गेलीच.