तुम्ही विचारलंत म्हणून: धावता येतं, पण पोहता येत नाही

प्रश्न साधारण असा येतो: "धावणं, पुलअप्स, पुशअप्स सगळं बसलंय. पोहता मात्र अजिबात येत नाही. चोविसाव्या वर्षी शिकून सैन्याच्या अकादमीत निभावेल का?"

निभावतं. आठवड्यातून चार दिवस, रोज पाऊण तास, असं दोन-अडीच महिने नेमानं केलं तर बहुतेक धडधाकट पोरं आधाराशिवाय 25 मीटर पार करतात आणि खोल पाण्याला बुजत नाहीत. पण आधी हे कुणाला लागतं ते बघा. अग्निवीर भरतीच्या मैदानावर 1.6 किलोमीटर धावणं, पुलअप्स, 9 फुटी खड्डा आणि नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळणं असतं, पोहणं नसतं. अधिकारी निवडायच्या एसएसबी मुलाखतीतही नसतं. अधिकारी प्रवेशाच्या अलीकडच्या जाहिरातींत मात्र 2.4 किलोमीटर 10 मिनिटे 30 सेकंदांत, 40 पुशअप्स, 6 पुलअप्स, 30 सिटअप्स या यादीच्या शेपटाला एक ओळ असते: पोहण्याची मूलभूत तयारी असावी. आकडा दिसला नाही की पोरं ती ओळ सोडून देतात. खडकवासला, डेहराडून, चेन्नई, कुठल्याही अकादमीत गेलात तरी प्रशिक्षणात पोहणं येतंच, आणि ज्यांना येत नाही त्यांना जादा तास घेऊन शिकवतात. म्हणजे इतरांना मिळणारा थोडाफार मोकळा वेळ तुमचा तलावात जातो, तोही धावून-दमून आल्यावर. नौदल आणि तटरक्षक दलाचं तर सांगायलाच नको.

आता मुद्द्याचं. भरतीची तयारी करणारा मुलगा तलावात उतरला की बारा-पंधरा मीटरवर धापा टाकत कठडा धरतो आणि म्हणतो, "स्टॅमिना कमी पडतोय." दहा मिनिटांत 2.4 किलोमीटर धावणाऱ्याला 25 मीटरला स्टॅमिना कमी पडत नाही. तो श्वास सोडत नाही, एवढंच. तोंड पाण्यात असताना छाती फुगवून दम धरायचा आणि डोकं वर आलं की त्या अर्ध्या सेकंदात सोडणं आणि घेणं दोन्ही उरकायचं, असं चाललेलं असतं. आतला कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि जीव घुसमटतो तो त्यानं. ऑक्सिजन संपलेला नसतो. ताकद लावली की घुसमट वाढते, म्हणून पाण्यात पैलवान आधी थकतो.

तेव्हा पहिला आठवडा हात-पाय मारायचे नाहीत. छातीभर पाण्यात कठड्याला धरून उभं राहा. तोंडानं श्वास घ्या, चेहरा पूर्ण पाण्यात घाला, नाक-तोंडातून चार आकड्यांपर्यंत संथ बुडबुडे सोडा, वर या, लगेच घ्या, पुन्हा खाली. असे सलग वीस, मध्ये न थांबता. नवशिक्याकडे नीट बघितलंत तर एक गोष्ट हमखास दिसेल: वर आला की त्याचा हात तोंडावरचं पाणी पुसायला जातो. दर वेळी. खोल पाण्यात तोच हात पाणी दाबायला हवा असतो. तो चेहऱ्याकडे गेला की डोकं खाली जातं. पाणी डोळ्यांवरून ओघळू द्यायचं. ही सवय मोडली की निम्मं काम झालं.

मग तरंगणं. दम भरून घ्या, गुडघे छातीशी कवटाळा, हनुवटी आत. अंग थोडं खाली जातं आणि पाठ आपोआप पाण्यावर येते. सडपातळ पोरांची पाठ जेमतेम दिसते, त्यात काही बिघडलेलं नाही; चरबी कमी असली की असं होतं. मुली सहसा लवकर तरंगतात. यानंतर उलटा प्रयोग करा: 4 फूट पाण्यात दम भरून तळाला बसायचा प्रयत्न. बसताच येत नाही. सगळा श्वास सोडला की बसता येतं. पाणी आपल्याला खाली ओढत नाही हे दहा वेळा सांगून पटत नाही, ते या एका प्रयोगात पटतं.

तरंगल्यावर उभं कसं राहायचं हे वेगळं शिकावं लागतं, आणि नेमकं हेच शिकवायचं राहून जातं. आडवा झालेला माणूस घाबरून डोकं वर काढतो, पाय मागेच राहतात, आणि कमरेएवढ्या पाण्यात गटांगळ्या खातो. गुडघे पोटाशी ओढा, दोन्ही तळवे खाली दाबा, पाय तळाला टेकले की मगच डोकं वर. याचा इतका सराव हवा की विचार करावा लागू नये.

पुढे भिंतीला पाय लावून सरकणं: हात कानांना चिकटलेले, नजर तळाच्या फरशीवर. काहीही न मारता 5 मीटर गेलात तर अंग सरळ आहे असं समजा. नजर समोर गेली की डोकं उचललं जातं, कंबर बुडते आणि मग तुम्ही तिरके होऊन चढावर पोहत राहता. पाय मारताना धावपटूंची आणखी एक पंचाईत होते. त्यांचे घोटे धावून धावून कडक झालेले असतात, पंजा मागे सरळ होत नाही. फळी धरून ते जिवाच्या आकांतानं पाय मारतात आणि जागचे हलत नाहीत. काही जण चक्क मागे जातात. त्यावर रोज पाच-सात मिनिटं वज्रासन, गादीवर बसून. गुडघा दुखत असेल तर खाली उशी घ्या. पाय कमरेपासून हलवा, गुडघा सैल, आणि फार जोरात नको. मांड्यांचे स्नायू मोठे, ते ऑक्सिजन खातात.

फ्रीस्टाइल (एकेक हात पाण्याबाहेरून पुढे टाकत) आधी की ब्रेस्टस्ट्रोक (बेडकासारखं)? तलावातले प्रशिक्षक बहुधा फ्रीस्टाइलनं सुरुवात करतात आणि कूस बदलून श्वास घेणं त्यातच पक्कं होतं, म्हणून ते ठीक. श्वासाला वळताना एक डोळा पाण्यातच राहू द्या, गाल पाण्यावर टेकलेला हवा, आणि श्वास वळायच्या आधी सोडून झालेला हवा. 25 मीटरला तिसाच्या वर हात पडत असतील तर वेग वाढवू नका, हात लांबवा. पण फौजेसाठी शिकणाऱ्यानं ब्रेस्टस्ट्रोक टाळू नये. कपड्यांसह पोहायची वेळ आली की फ्रीस्टाइलमध्ये भिजलेली बाही दर वेळी पाण्याबाहेर उचलावी लागते आणि तिथेच दम निघतो. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये हात पाण्याखालूनच फिरतात. पाण्यातल्या कापडाचं वजन फारसं जाणवत नाही.

खरी परीक्षा पाय टेकत नाहीत तिथे असते. उथळ टोकाला 25 मीटर मारणारे कितीतरी जण खोल टोकाला गेले की तेच अंतर पुरं करत नाहीत, कारण मध्ये थांबायचं कसं हे त्यांना माहीत नसतं. म्हणून पाण्यात उभं राहणं शिका: तळवे पाण्याखाली आडवे, लोणी फासल्यासारखे आत-बाहेर, पाय बेडकासारखे, सावकाश. पाणी हनुवटीला लागू द्या. खांदे बाहेर काढायचा हट्ट धरलात तर बाहेर आलेलं तेवढं वजन पायांना पेलावं लागतं. दोन मिनिटांपासून पाचावर न्या. कंटाळलात तर उताणं व्हा. पोटरीत गोळा आला तरी उताणंच व्हायचं आणि पंजा स्वतःकडे ओढायचा. अमेरिकी नौदलाची सगळ्यात खालची पोहण्याची चाचणी बघा: खोल पाण्यात उडी, 50 यार्ड म्हणजे सुमारे 46 मीटर पोहणं, 5 मिनिटं पालथं तरंगणं, आणि अंगातल्या शर्ट-पँटमध्ये हवा भरून तिचा फुगा करणं. वेगाला त्यात फार भाव नाही.

उडी शेवटी. अकादमीत उंच फळीवरून मारावी लागते, तेव्हा काठ, 1 मीटर, 3 मीटर अशी चढती सवय ठेवा. 10 मीटरवरून पाण्याला लागेपर्यंत साधारण 1.4 सेकंद जातात आणि वेग ताशी 50 किलोमीटर असतो, त्यामुळे पालथं पडणं म्हणजे थप्पड नव्हे, दुखापत. झेप घ्यायची नाही, पाऊल पुढे टाकायचं. नजर समोर, खाली बघितलं की धड पुढे झुकतं. पाय जुळलेले, एका हातानं नाक धरलेलं, दुसरा छातीशी. पाण्यात शिरल्यावर हात-पाय पसरा, खाली जाणं थांबतं, मग वर या. गॉगल काढून ठेवा. विहिरीत मुटके मारत वाढलेल्यांना उंचीची भीती नसते, त्यांचं पोहणं मात्र डोकं वर ठेवून असतं. त्यांना पहिल्या आठवड्याचे बुडबुडे इतरांइतकेच लागतात.

दोन गोष्टी जिवावरच्या. पाण्याखालून अंतर कापायच्या पैजा लावताना जोरजोरात दहा-वीस श्वास घेऊन बुडी मारू नका. त्यानं कार्बन डायऑक्साइड उतरतो, श्वास घ्यायची ऊर्मीच येत नाही, आणि माणूस काही न कळता पाण्याखाली बेशुद्ध होतो. काठावरच्यांना वाटतं, अजून दम धरलाय. दुसरं, सरावाला धरण किंवा कालवा नको. धरणाच्या काठाला गाळात पाय रुततो आणि कालव्याच्या शेवाळलेल्या उतरत्या काठावर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही.

कानाचंही बघा. पडद्याला भोक असेल तर पाण्यात उतरू नका; वैद्यकीय तपासणीतही तेच आडवं येतं, तेव्हा कानाच्या डॉक्टरांना आधीच दाखवा. पोहून आल्यावर कानात काडी घालायची नाही, मान कलती करून पाणी निघू द्यायचं.

गुणवत्ता यादीची वाट बघत बसू नका. एप्रिल-मेमध्ये पालिकेचे तलाव शाळकरी पोरांनी भरलेले असतात, एका लेनमध्ये सरळ पाच मीटर जाता येत नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की गर्दी ओसरते, तेव्हा नाव घाला. फी भरण्याआधी एकदा तलावावर चक्कर मारा: खोल टोक किती फुटांचं आहे, तिथे प्रौढ नवशिक्यांना जाऊ देतात का, आणि जीवरक्षक पाण्याकडे बघतोय की मोबाइलकडे.