दोन पंचांगांतला वड

रविवार, रात्री जेवणं झाल्यावर

आजपासून ज्येष्ठ वद्य लागलं. म्हणजे आपल्याकडे. बऱ्हाणपूरच्या वहिनींच्या सासरच्या पंचांगात आजपासून आषाढ सुरू झाला, आणि रावेर सोडलं की पुढचं मोठं स्टेशन बऱ्हाणपूरच, तापी तीच, केळी तीच, पण महिना वेगळा. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला, त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांचं नाव जुळतं आणि वद्य पक्षात ते एक महिना पुढे निघून जातात. आज बोन्सायवाल्यांची बैठक आमच्या गच्चीवर होती आणि सगळी चर्चा इथून जी सुरू झाली ती रिपॉटिंगवर, म्हणजे मुळं छाटून झाड नव्या मातीत परत लावण्यावर, यायला चहाचे दोन राउंड लागले. मला तर फार छान वाटलं, अशा दुपारी रोज मिळत नाहीत, म्हणून आठवतंय तोवर लिहून ठेवतोय.

कारण झाला माझा ट्रेमधला बोन्साय वड. त्याची यावर्षी दोनदा पूजा झाली! वहिनी पंधरा दिवसांपूर्वी बहिणीकडे जळगावात आलेल्या, त्यांच्याकडे वटसावित्री अमावास्येला असते, सकाळी सकाळी हळदकुंकू घेऊन गच्चीवर आल्या, ट्रेभोवती सूत गुंडाळलं, मनोभावे नमस्कार केला. आणि काल पौर्णिमेला आमच्या गल्लीतल्या बायका आल्या, परत सूत, परत हळदकुंकू, परत आंबा. शेजारच्या काकूंना ते आधीचं कळल्यावर त्या म्हणाल्या की याचं व्रत तर आधीच झालं, आता हे लागू पडेल का. वहिनी आज स्वतः हजर होत्या, त्या म्हणाल्या, "काकू, सावित्री एकच, वड एकच, तिथी तेवढी आपापल्या घरची." मला हे उत्तर फार आवडलं.

एक मात्र मी नेहमी सांगतो आणि आजही सांगितलं, बुंध्याला गुंडाळलेलं सूत संध्याकाळी काढून घ्या. पावसाळ्यात वड भराभर जाड होतो आणि घट्ट दोरा सालीत रुततो, फांदीला वळण द्यायला गुंडाळलेली वायर रुतते तसाच, ती खूण पुढे वर्षानुवर्षं जात नाही. ट्रेच्या कडेवरून सूत फिरवलं तर काहीच प्रश्न नाही. आणि बाजारात वडाच्या फांद्या तोडून विकायला येतात त्यापेक्षा ट्रेमधल्या जिवंत वडाला फेऱ्या मारलेल्या कधीही चांगल्या, हे मी अगदी मनापासून म्हणतो, त्यासाठी माझं झाड कोणीही कधीही पूजेला घ्यावं.

मग नाना बोलले. नाना भुसावळचे, सगळा जन्म रेल्वेत गेला, रिटायर झाले तरी त्यांचं घड्याळ चोवीस तासांचंच आहे, "चार वाजता" असं ते म्हणतच नाहीत, "सोळा वाजता" म्हणतात. ते म्हणाले तुम्ही दोन पंचांगांचं काय घेऊन बसलात, या देशात एकाच स्टेशनवर दोन घड्याळं चालायची. पूर्वी रेल्वे मद्रास टाइमवर धावायची आणि मुंबई स्वतःच्या टाइमवर, दोन्हींत अर्ध्या तासाचा फरक. १९०६ पासून देशासाठी एक स्टँडर्ड टाइम ठरला तरी मुंबईने आपली वेळ सोडली नाही, थेट १९५५ पर्यंत मुंबई टाइम वापरात होता, स्टँडर्ड टाइमच्या ३९ मिनिटं मागे. आमच्यातल्या कॉलेजच्या पोरांना हे खरंच वाटेना.

इथून बोलणं झाडांवर आलं, आणि माझ्या मते हाच आजचा सगळ्यात कामाचा भाग. आपलं घड्याळ लागतं साडेब्याऐंशी अंश रेखांशावर, ती रेघ जाते तिकडे उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून. जळगाव साधारण साडेपंच्याहत्तरवर. एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो, म्हणजे सात अंशांचे २८ मिनिटं. जळगावात सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात बारा नाही, जवळजवळ साडेबारा झालेले असतात, नंदुरबारला तर त्याहून चार-पाच मिनिटं उशिरा. म्हणजे जे म्हणतात बारा ते तीन झाडं ग्रीन नेटखाली ठेवा, त्यांनी खान्देशात साडेबारा ते साडेचार असं धरावं, कारण हवा सगळ्यात जास्त तापते ती सूर्य माथ्यावरून उतरल्यावर, तीन-चारच्या सुमारास. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा दोन इंच खोलीच्या ट्रेमधली माती किती तापत असेल ते हात लावून बघावं.

धुळ्याच्या आक्का लगेच म्हणाल्या, "झाडले घड्याय समजस का?" आणि सगळे हसले, पण आक्कांचं म्हणणं पुढे होतं आणि ते ऐकण्यासारखं होतं. त्यांच्या लक्षात आलेलं की जूनमध्ये उत्तरेच्या भिंतीलगत, जिथे वर्षभर सावली असते, तिथे भर दुपारी ऊन येतं. बरोबर आहे त्यांचं! आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत, जळगाव एकवीस अंशावर, मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस सूर्य अगदी डोक्यावर येतो, शून्य सावली म्हणतात तो, आणि त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडते. थंड देशातल्या माणसाने लिहिलं असेल की उत्तरेची बाजू म्हणजे कायम सावली, तर ते त्याच्या गावी खरं आहे, आपल्याकडे या दीड-पावणेदोन महिन्यांत नाही. मी लगेच उठून आमच्या उत्तरेच्या कठड्याजवळचे ट्रे बघितले, जेड आणि बोगनवेलला काही फरक पडत नाही, पण पिंपरीची (वडा-पिंपळाच्याच कुळातली ती) कोवळी पालवी तिथे नको.

दुपारी पाणी घालावं की नाही यावर तर आमच्याकडे दरवेळी दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते पानावर थेंब राहिला की भिंगासारखं ऊन एकवटतं आणि पान जळतं. डॉक्टरसाहेबांनी सांगितलं की हंगेरीतल्या संशोधकांनी हे तपासून २०१० मध्ये छापलंय, मेपल आणि गिंकोच्या गुळगुळीत पानांवर पाण्याच्या थेंबांनी डाग पडले नाहीत, ज्या पानांवर पाणी न भिजणारी लव असते आणि थेंब लवेवर उचलून धरला जातो तिथेच जळण्याची शक्यता. वड, पिंपळ, उंबर यांत वडाच्या कोवळ्या पानाला थोडी लव असते खरी, पण माझं मत असं की तहानलेलं झाड संध्याकाळपर्यंत ठेवण्यात जास्त धोका आहे. मान टाकलेली दिसली की पाणी द्यायचं, मग घड्याळात काहीही वाजलेलं असो. नळीत साठलेलं तापलेलं पाणी आधी जाऊ द्यायचं, एवढंच बघायचं.

बापूंचं घड्याळ अजून वेगळं. रावेरकडे केळीचा बाग, त्यांची वेळ लाईटवर चालते, काही दिवस दिवसाची लाईट काही दिवस रात्रीची, त्यामुळे त्यांना रविवारी या म्हटलं तर ते विचारतात त्या आठवड्यात लाईट कधीची आहे. त्यांनी आज उंबर आणलेला, जुन्या विहिरीच्या बांधकामातून उगवलेला, मुळं दगडांच्या फटींतून चपटी होत गेलेली, अशी नेबारी, म्हणजे बुंध्याशी मातीवर दिसणारी मुळांची पसरण, कुंडीत वाढवून येतच नाही, बघून सगळे गप्प झाले. पोरांनी विचारलं वय काय. आणि झालं, सुरू!

बापू म्हणाले विहीर आजोबांनी बांधली, त्यानंतरचा आहे, बस. नाना म्हणाले ते वय झाडाचं, बोन्सायचं वय ट्रेमध्ये आल्यापासून मोजायचं. वहिनी म्हणाल्या मग फांदी लावून केलेल्या झाडाचं काय, फांदीचं वय धरायचं की मूळ झाडाचं. मी मध्ये पडून त्या वॉशिंग्टनच्या पाइनचं सांगितलं. यामाकी कुटुंबाचा पांढरा पाइन, १६२५ पासून त्याला बोन्साय म्हणून वाढवत आलेत, ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमात बॉम्ब पडला तेव्हा तो तिथेच कुटुंबाच्या वाडीत होता आणि वाचला, १९७६ मध्ये त्यांनी तो अमेरिकेला भेट दिला, आणि हिरोशिमाची गोष्ट तिथल्या लोकांना कळली २००१ मध्ये, घरातले नातू बघायला आले तेव्हा. ज्यांनी शहर बेचिराख केलं त्यांनाच झाड दिलं आणि त्याबद्दल बोललेही नाहीत. हे मी आधीही सांगितलंय, तरी सांगताना माझा घसा भरून येतोच. तर त्याचं वय मोजतात ते वळण द्यायला सुरुवात केल्यापासून, बीज कधी रुजलं ते वेगळं. नाना खूश. पण डॉक्टरसाहेब म्हणाले जपानमध्ये माणसाचं वयसुद्धा पूर्वी वेगळं मोजायचे, जन्मलं की एक आणि मग दर नवीन वर्षाला सगळ्यांचं एकेक वाढणार, १९५० पासून कायद्याने वाढदिवसाप्रमाणे मोजणं आलं. शेवटी बापूंच्या उंबराच्या पाटीवर "विहिरीतून काढला" असं लिहून खाली काढल्याचं वर्ष टाकायचं ठरलं. मला हे पटलं, जेवढं माहीत तेवढंच लिहावं.

जपानचं अजून एक डॉक्टरसाहेबांनी सांगितलं ते माझ्या डोक्यातून जातच नाहीये. १८७३ च्या आधी तिकडे तास सारखे नव्हतेच. उजाडल्यापासून मावळेपर्यंत सहा भाग, रात्रीचे सहा भाग, उन्हाळ्यात दिवसाचा भाग लांब, हिवाळ्यात आखूड, आणि घंटाही उलट्या मोजायच्या, दुपारी नऊ टोले, मग आठ, सात, मावळतीला सहा, पाच, चार आणि मध्यरात्री परत नऊ. घड्याळं बनवणारे ऋतूप्रमाणे घड्याळाची चाल बदलतील अशी यंत्रं करायचे. म्हणजे ज्या लोकांनी ही कला एवढी वाढवली त्यांचा दिवस शेकडो वर्षं सूर्याप्रमाणे ताणला-आखडला जात होता. आपल्याकडचे प्रहर पण असेच, दिवसाचे चार, रात्रीचे चार. आणि आपल्या जळगावात जूनचा दिवस साडेतेरा तासांच्या जवळ असतो, डिसेंबरचा अकराच्याही थोडा आत, अडीच तासांचा फरक आहे, झाडाला तो कळतो आणि आपण मात्र बाराही महिने सकाळी सातला एक मग पाणी घालतो, हे बदलायला हवं.

ताईंचा मुलगा जर्मनीत असतो, त्याने मध्येच व्हिडिओ कॉल केला, त्याच्याकडे खिडकीत एक फायकस आहे तो दाखवायला. त्याने ग्रुपवर टाकलेलं की हाफ फाइव्हला करतो. ताईंनी साडेपाच धरलेलं, कॉल आला साडेचारला, कारण जर्मन माणूस अर्धा पाच म्हणतो तेव्हा पाचव्या तासाचा अर्धा झालेला असतो, म्हणजे आपले साडेचार, आणि इंग्लंडमध्ये तेच शब्द साडेपाचला म्हणतात. त्याला तिकडे दोन वर्षांत तशीच सवय लागलीये. नाना म्हणाले म्हणूनच सोळा तीस लिहावं! ते तर आहेच, पण आक्का म्हणाल्या, "कितला वाजनात ते सोड, पोरगा जेवला का ते ईचार." त्याने विचारलेलं रिपॉटिंग कधी करू, आणि सगळे एकदम बोलायला लागले, मृग लागला आता कर, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) करायला हवं होतं, पहिला पाऊस पडू दे. मी त्याला सांगितलं यातलं काहीही ऐकू नको, तुझ्या खिडकीतल्या झाडाला नवीन पालवी फुटून राहिलीये का ते बघ, दिवस मोठा आणि खोली उबदार असेल तर कर, नाहीतर पुढच्या वर्षी.

आणि आपल्यासाठी हेच. मृग ७-८ जूनला लागतो पण पाऊस दरवर्षी त्या तारखेला येतोच असं नाही, कोरडा वारा चालू असताना वडाची मुळं छाटली तर पानं करपतात. हवेत ओल आली, रात्री गार व्हायला लागल्या, पारंब्यांची टोकं पांढरी दिसायला लागली की करायचं. पिंपळ तर स्वतःच सांगतो, फाल्गुनात पानं टाकतो आणि तांबूस पालवी घेऊन येतो. यावर आज आमच्यात मतभेद झाला नाही, हेच नवल.

पुढची बैठक श्रावणात कानबाईचं (आमच्या खान्देशातल्या देवीचं) विसर्जन झाल्यावर येणाऱ्या रविवारी, आक्कांकडे धुळ्याला. नानांनी वहीत १६:३० लिहिलं, बापूंनी दिवसाची लाईट नसेल तर येतो म्हणून सांगितलं, वहिनींच्या पंचांगात तेव्हा कोणता महिना असेल ते त्या बघून कळवणार आहेत. वायरिंग केलेले वड-पिंपळ मात्र तोपर्यंत थांबत नाहीत, पावसात महिनाभरात वायर सालीत बसते, म्हणून सगळ्यांना बजावून सांगितलंय की दर रविवारी बोट फिरवून बघा आणि जिथे घट्ट लागेल तिथे उलगडत न बसता कटरने तुकडे करून काढा. उद्या सकाळी पहिलं काम, पिंपरीचे ट्रे उत्तरेच्या कठड्यावरून हलवायचे.