पुस मॉथ १:१२, नोंद सातवी: पंखाखालची काडी

मी पुस मॉथ या जुन्या विमानाचं मॉडेल बनवतो आहे; मागच्या नोंदीत त्याच्या धडाचा पितळी सांगाडा दाखवला होता. त्यानंतर अडीच महिने इथे काही लिहिलं नाही, कारण पाऊस. पार्ल्यात आमच्या बाल्कनीलगतच्या खोलीत जुलैमध्ये बाल्सा, म्हणजे मॉडेलचं हलकं लाकूड, हातात घेतला की सादळलेल्या बिस्किटासारखा लागतो. दिवसभर साठ वॅटचा बल्ब लावून ठेवलेल्या कपाटात लाकूड ठेवायचं आणि लागेल तेवढंच बाहेर काढायचं, असं करत करत दोन्ही पंख उभे केले.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: डी हॅविलंड या ब्रिटिश कंपनीचं डीएच ८० ए, म्हणजे पुस मॉथ. तीन माणसांचं, बंद केबिनचं, वर पंख असलेलं विमान. १२० अश्वशक्तीचं, उलटं बसवलेलं जिप्सी इंजिन. धड पोलादी नळ्यांचं, पंख लाकडी आणि वरून कापड. खऱ्या विमानाचा विस्तार ३६ फूट ९ इंच, म्हणजे माझ्या मॉडेलचा पावणेसदतीस इंच. एका फुटाला एक इंच, त्यामुळे हिशेब सोपा जातो. आणि जुहू माझ्या घरापासून इतकं जवळ असताना मी दुसरं कुठलं विमान निवडणार? १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटांनी कराचीच्या ड्रिग रोडवरून टपाल घेऊन उड्डाण केलं, अहमदाबादला इंधन भरलं आणि जुहूला उतरले, ते याच जातीच्या विमानातून. पुढे मद्रासपर्यंत टपाल नेलं त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल विन्सेंट यांनी.

आता मूळ गोष्ट. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री दोनच्या सुमारास खोलीतून ‘टक्’ असा आवाज आला. उंदीर असेल म्हणून उठलो नाही. सकाळी पाहिलं तर डाव्या पंखाची चौथी रिब (पंखाला आकार देणारी आडवी फासळी) मागच्या स्पारपासून (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य दांड्यापासून) सुटली होती. भिंगाखाली धरली तेव्हा कळलं. गोंद स्पारवर नीट मुरला होता, पण रिबच्या बाजूला नुसता चकचकीत पापुद्रा. लाकडात काही शिरलंच नव्हतं. मी जोडला त्या दिवशी रिब दमट असणार. बाहेरून सांधा इतका सुबक दिसत होता की मागच्या महिन्यात त्याचा फोटोही काढून ठेवला होता.

त्या फोटोकडे बघत बराच वेळ बसलो. त्या काळच्या लाकडी विमानांत केसीन, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा गोंद सर्रास वापरत. ओल लागली की तो हळूहळू जीव सोडतो, त्याला बुरशी लागते. वरून कापड ताणून रंगवलेलं, त्यामुळे आतला सांधा धरून आहे की नुसता टेकून आहे, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. म्हणून अशी विमानं उडवत ठेवणारी माणसं ठरावीक काळाने धडधाकट दिसणारं कापडसुद्धा फाडून आत बघतात. मला पूर्वी तो जास्तीचा खर्च वाटायचा. आता वाटत नाही.

धातूचंही तेच. १६ डिसेंबर २०१३ ला ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टजवळ एक टायगर मॉथ, म्हणजे डी हॅविलंडचंच वर-खाली दुहेरी पंखांचं विमान, हौशी सफरीवर निघालं होतं. कसरत करताना त्याचा डावा पंख सुटला आणि दोघंही गेले. तपासात सापडलं ते असं: खालचे दोन पंख धडातून आरपार एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या टाय रॉडच्या आट्यांमध्ये आधीपासूनच तडे होते, आणि दोन्ही रॉड तिथेच तुटले. विमान सत्तर वर्षांचं, पण हे रॉड मूळचे नव्हते, नंतर बदललेले होते. जुन्या विमानात नवा भाग बसवला की आपण निश्चिंत होतो. त्या अहवालानंतर मी तरी होणार नाही.

पण पुस मॉथचं दुखणं गोंदाचंही नव्हतं आणि म्हातारपणाचंही. ते कारखान्यातून कोरं करकरीत बाहेर पडून हवेत तुटत होतं.

ऑक्टोबर १९३० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात पहिलं गेलं. मे १९३१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ड्राकेन्सबर्गच्या डोंगरात ग्लेन किडस्टन हा ब्रिटिश वैमानिक गेला. जुलै १९३२ मध्ये इंग्लंडमध्ये सरे परगण्यात एक. १८ सप्टेंबर १९३२ ला ऑस्ट्रेलियात बायरन बे इथे आणखी एक, त्यात प्रवासी म्हणून बसलेला लेस होल्डन हा नावाजलेला वैमानिक गेला. आता तारीख बघा. होल्डनचा अपघात झाला त्याला २७ दिवस झाले होते, तेव्हा जेआरडी कराचीहून निघाले. त्याआधी ऑगस्टमध्ये जिम मॉलिसन या ब्रिटिश वैमानिकाने याच जातीच्या विमानातून अटलांटिक पूर्वेकडून पश्चिमेकडे एकट्याने ओलांडला होता. एकाच उन्हाळ्यात एकाच विमानाचे विक्रमही होत होते आणि तुकडेही. जुहूच्या त्या उड्डाणाबद्दल आपण अभिमानाने बोलतो, बोलायलाच हवं, पण ही पार्श्वभूमी कुणी सांगत नाही. मला ती कळल्यापासून त्या उड्डाणाचं मोल जास्त वाटतं.

सुरुवातीला ठपका ठेवला गेला तो हवेवर आणि वैमानिकांवर. वावटळ होती, फार वेगाने सूर मारला, वगैरे. मग इंग्लंडच्या सरकारी प्रयोगशाळांनी कसून चाचण्या घेतल्या, तेव्हा खोट पंखात निघाली. वेग जास्त आणि हवा खवळलेली असली की पंख अशा तऱ्हेने थरथरू शकत होता की शेवटी तुटावा. अशा नऊ अपघातांनंतर उपाय निघाला तो एवढासा: पंखाला खालून आधार देणाऱ्या व्ही आकाराच्या स्ट्रटच्या (टेकूच्या) मागच्या पायापासून पुढच्या स्पारपर्यंत एक छोटी आडवी काडी.

माझ्या मापात ती आगपेटीच्या काडीएवढी येते. खरं सांगायचं तर आराखड्यावर मी ती आधी पाहिलीच नव्हती. पाहिली असती तरी वाटलं असतं, शेवटी लावू, नाही लावली तरी कुणाला दिसणार आहे.

ती काय करते हे मला समजलं ते माझ्या पुतणीमुळे. रिब पुन्हा चिकटवल्यावर पंख स्ट्रटसकट टेबलावर पक्का धरला होता. तिने टोक दोन बोटांत पकडून हलकेच फिरवलं आणि म्हणाली, “काका, हा वरखाली हलत नाहीये, पण पिळला जातोय.”

अगदी तसंच होतं. पंख वर उचलला तर स्ट्रट दाद देत नाही. पण ओल्या टॉवेलला देतो तसा पीळ दिला की पुढची कड वर येते, मागची खाली जाते. उडताना पुढची कड वर आली की त्या भागाचा उचल वाढतो, उचल वाढला की तो पंखाला आणखी पिळतो, मग लाकूड परत खेचतं आणि पंख उलट्या बाजूला जातो. वेग पुरेसा असेल तर प्रत्येक झोक्याला हवा आणखी जोर देत राहते. झोपाळ्यावरच्या मुलाला बरोबर वेळेला धक्का द्यावा तसं. मी बांबूची दीड मिलीमीटरची काडी तासून तात्पुरती टाचली आणि पुतणीला पुन्हा फिरवायला सांगितलं. फिरेना. तिने तीनदा करून बघितलं.

छोट्या विमानांच्या अपघातांची बाकीची कारणं तुम्हाला ठाऊक आहेत, तरी एक-दोन सांगतो, कारण आपल्या मॉडेलवाल्यांच्या गटातले दोघं आता खऱ्या विमानात शिकायला जाणार आहेत. शेपटीकडे चाक किंवा घसरपट्टी असलेल्या विमानाचं वजन मुख्य चाकांच्या मागे असतं. उतरताना नाक जरा भरकटलं की ते वजन शेपटीला पुढे ढकलतं आणि विमान गर्रकन फिरतं, पंखाचं टोक जमिनीला घासतं. जीव सहसा जात नाही, विमान मात्र महिनोन्महिने जागेवर बसतं. टायगर मॉथला स्टार्टर नव्हता आणि ब्रेकही नव्हते. प्रोपेलर हाताने फिरवायचा, चाकाखाली लाकडी ठोकळे ठेवायचे आणि मॅग्नेटोची, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्राची, कळ बंद आहे हे दोघांनी मोठ्याने एकमेकांना सांगायचं. यातलं एक राहिलं की हात तरी जातो नाहीतर विमान एकटंच धावत सुटतं.

कार्बोरेटरमधल्या बर्फाबद्दल मात्र मुंबईकरांनी विशेष जपावं. बर्फ म्हटलं की आपल्याला मनाली आठवते. पण पेट्रोलची वाफ होताना आतलं तापमान इतकं झपाट्याने उतरतं की बाहेर २५ अंश असले तरी दमट हवेतलं पाणी नळीत गोठतं. थ्रॉटल कमी करून उतरायला लागावं आणि इंजिनाचा आवाज मंदावत जावा, असं ते होतं. आपल्या जुलैच्या हवेत त्याला हवं तेवढं पाणी असतं. आणि उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडलं तर मागे वळून धावपट्टी गाठायचा मोह. कमी उंचीवर, कमी वेगात तीव्र वळण घेतलं की आतल्या बाजूचा पंख उचल सोडतो आणि विमान गिरकी घेत खाली येतं. समोर जे सपाट दिसेल तिथे उतरायचं, हे शिकवणाऱ्याने दहादा सांगितलं तरी अकराव्यांदा ऐका.

आता कामाची स्थिती. डाव्या पंखाच्या सगळ्या रिब मी एकेक करून नखाने दाबून पाहिल्या, सातवीही संशयास्पद निघाली, तीही काढून नव्याने बसवली. उजव्या पंखाच्या सगळ्या ठीक आहेत. कापडाऐवजी टिश्यू लावणार आहे, पण दसऱ्यापर्यंत नाही, हवा कोरडी होऊ दे. डावी काडी रविवारी कायमची बसली. उजवी एक मिलीमीटर आखूड कापली गेली. गोंदाने फट भरता आली असती, पण ही एक काडी तशी लावायची नाही असं ठरवलंय. नवी तासतो आहे.