सरपंच प्रामाणिक हवा? मग टेप घेऊन या

"राजकारण तं पुरतं नासलं. आमच्यासारख्या पोट्ट्यायनं त्यात पडून करावं काय?" विदर्भातल्या गावोगावी पानठेल्यावर हा प्रश्न निघतोच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: दिल्ली-मुंबईचं नंतर पाहू. गावात हिशेब वाचता येणारी पंधरा-वीस पोरं असली की सरपंचाला प्रामाणिक राहणं सोपं जातं. एकट्या पडलेल्या भल्या माणसालाही ठेकेदार सहा महिन्यांत वाकवतो.

सुरुवात ग्रामसभेपासून करा. वर्षाला किमान चार सभा घ्याव्याच लागतात. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी: मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला कमी आकडा. 600 मतदारांच्या गावात 90 माणसं. आता 2 ऑक्टोबरच्या सभेला सोयाबीनची सवंगणी जोरात, 1 मेच्या सभेला ऊन डोक्यावर. माणसं जमत नाहीत, सभा तहकूब होते. मेख पुढं आहे: तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही. मग दहा-बारा जणांत गाव निकालात निघतं. म्हणून पहिली सभा हुकली तरी चालेल, तहकुबीची तारीख हुकवू नका. हजेरीची सही आधी आणि ठराव मागाहून, असंही सर्रास चालतं. ठराव तिथंच वाचून दाखवायला लावा आणि शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारून घ्या.

भांडणही माहिती घेऊन करावं. ग्रामपंचायतीला मिळालेल्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होते, म्हणजे दुसरीकडं खर्चता येत नव्हते. त्यातून पांदण रस्ता मागणारा तरुण ग्रामसेवकाच्या एका वाक्यात गप्प होतो.

खरी परीक्षा सिमेंट रस्त्याची. समजा, अंदाजपत्रकात लांबी 100 मीटर, रुंदी 3 मीटर, जाडी 15 सेंटीमीटर आहे. म्हणजे 45 घनमीटर काँक्रीट. जाडी 10 सेंटीमीटरच भरली तर 15 घनमीटर गायब. एम-20 प्रतीच्या काँक्रीटला घनमीटरमागं साधारण 8 पोती धरली तर 120 पोती सिमेंट. काँक्रीट अडवायला कडेनं लावलेल्या पाट्या बरोबर 15 सेंटीमीटरच्या असतात, त्यामुळे कडेनं मोजून काही हाती लागत नाही. चोरी मधे असते, खालचा मुरमाचा थर फुगवून. काँक्रीट पडायच्या आधी दोन्ही पाट्यांवरून दोरी ताणा आणि मधोमध दोरीपासून मुरुमापर्यंत टेप लावा. दोन मिनिटांचं काम, पण ट्रॅक्टर रिकामा होण्याआधीच व्हायला हवं. 31 मार्चच्या घाईत ओतलेल्या रस्त्यावर निदान दोन आठवडे पाणी टिकतं का, तेही पाहा. विदर्भाच्या उन्हात पाणी न मारलेला रस्ता पावसाळ्याआधीच भुकटी सोडतो.

काम आधीच झालं असेल, तर माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि देयक यांच्या प्रती मागा. मुदत 30 दिवसांची. "रस्त्याची संपूर्ण माहिती द्यावी" असं मोघम लिहिलं की उत्तरही मोघमच येतं. कामाचं नाव आणि वर्ष नेमकं घाला.

ग्रामपंचायतीला उभं राहायचं असेल, तर वय 21 पूर्ण हवं. निवडणूक हरलात तरी निकालापासून 30 दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. हरलेली पोरं तेवढं विसरतात आणि पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरू शकतात. पॅम्प्लेटच्या आणि चहाच्या पावत्या पहिल्या दिवसापासून एका पिशवीत ठेवा.