तुम्ही विचारलंत म्हणून: विज्ञानाच्या तासाला उत्तरपूजा कशाला? प्लास्टरच्या गणेशमूर्तीचं विसर्जन नदीऐवजी बादलीत कसं होतं, याचा प्रयोग मी वर्गात घेतो, आणि आधी उत्तरपूजेचा अर्थ सांगतो.

काही पालक म्हणतात, शाळेत धर्म नको. काही म्हणतात, आमच्या बाप्पावर रसायनं नकोत. दोघांना उत्तर एकच आहे, आणि तेही अर्धवट.

पूजेतला शब्दच 'पार्थिव' आहे, म्हणजे मातीचा. उत्तरपूजेनंतर अक्षता वाहून मूर्ती हलवली की देव गेला, माती उरली. शाडू पाण्यात काही तासांत विरतो. प्लास्टर, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, तळाशी महिनोन्महिने पडून राहतं. नाशिकच्या मुलांना द्राव्यता शिकवायला याहून जवळचं उदाहरण सांगा. 'मूर्ती नदीत टाकलीस तर पाप लागेल' म्हटलं की मुलं ऐकतात, असं पूर्वी मीही म्हणायचो. ऐकतातही. पण पाण्याची बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत आहे की नाही, हे पाप सांगत नाही.

बादलीची पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची. किलोभर मूर्तीला किलोभर अमोनियम बायकार्बोनेट. हिशेबाने ९२० ग्रॅम पुरतं, पण उघड्या पिशवीतला अमोनिया उडालेला असतो. आधी दहा लिटर गार पाण्यात पावडर विरघळवायची, मग मूर्ती. गरम पाण्यात पावडर वायू होऊन जाते. झाकण घट्ट लावायचं नाही, कार्बन डायऑक्साइड सुटतो. बादली व्हरांड्यात, नाहीतर डोळे झोंबतात. दर दोन-तीन तासांनी ढवळायचं. दोन दिवसांत खाली खडूचा चुरा, वर अमोनियम सल्फेटचं पाणी. ते भरपूर पातळ करून झाडांना.

एकदा ऑइलपेंट खरवडायचा राहिला. रंगाखाली पाणी शिरलंच नाही. तिसऱ्या दिवशी सोंड गेलेली, एक हात गेलेला, पोट आणि मुकुट शाबूत. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, हा अर्धा बाप्पा आता कुठे ठेवायचा?" माझ्या तोंडून उत्तर गेलं, "अगं, हे प्लास्टर आहे. फोड आणि परत टाक." शास्त्राने चूक नव्हतं, रसायन आणि धर्म, दोन्ही शास्त्रांनी: मूर्ती दुकानातली, प्राणप्रतिष्ठा झालेलीच नव्हती. हातोडी वर्गात फिरली. कुणी हात लावला नाही. शेवटी शिपाईमामांनी बादलीवर गोणपाट टाकलं.

तेव्हापासून वाटीत ओतलेला प्लास्टरचा गोळा वापरतो. प्रयोग चोख होतो. गोळ्याबद्दल मात्र कुणी काही विचारत नाही, आणि तेच मला खटकतं. यंदा मूर्ती आणायची की गोळाच, ते अजून ठरलेलं नाही. आणलीच, तर रंग आधी खरवडायचा, एवढं नक्की. तो कुणी खरवडायचा, हा पुन्हा वेगळा प्रश्न.