टिंबरलाइन धबधबा चढून स्काय पाँडपर्यंत

कोलोरॅडोत पायी भटकायला एकच दिवस हाताशी असेल, तर रॉकी माउंटन नॅशनल पार्कातल्या स्काय पाँडला जावं, असं मी आता कुणालाही सांगेन. वाटेत दोन मोठे धबधबे, तीन तळी, आणि त्यातल्या एका धबधब्याच्या कडेनं हातपाय टेकत चढायचा रॉक पॅच. येऊन-जाऊन १४-१५ किलोमीटर. माझी धाकटी बहीण फोर्ट कॉलिन्सला राहते, हा बेत तिचाच.

ग्लेशियर गॉर्जच्या वाहनतळापासून वाट सुरू होते, ती २,८१६ मीटरवर. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. म्हणजे गाडीतून उतरतानाच आपण महाराष्ट्राच्या माथ्यापेक्षा हजारभर मीटर वर असतो. चढ सौम्य असूनही धाप लागते. “ताई, बोलता येईल एवढ्याच वेगानं चाल,” बहिणीनं आधीच बजावलं होतं आणि दिवसभर आम्ही तेच केलं.

अस्पेनच्या झाडीतून सव्वा किलोमीटर गेलं की अल्बर्टा फॉल्स. अ‍ॅबनर स्प्रेग या इथल्या जुन्या रहिवाशानं आपल्या पत्नीचं नाव त्याला दिलं. उंची फार नाही, नऊ-दहा मीटर असेल, पण ग्लेशियर क्रीकचं सगळं पाणी कातळाच्या चिंचोळ्या घळीतून रोरावत खाली येतं. आपल्या सह्याद्रीत धबधबे आषाढ-श्रावणात बेभान होतात आणि दिवाळी सरली की कड्यावर नुसते काळे ओघळ उरतात. इथलं सगळं गणित वितळत्या बर्फावर चालतं, त्यामुळे निरभ्र आभाळाखाली, भर उन्हात धबधबा भरात असतो. मला हे पाहून फार नवल वाटलं. बहुतेक लोक इथूनच माघारी फिरतात.

पुढे स्प्रूस आणि फरच्या दाट जंगलातून वळणावळणानं चढत, पाचेक किलोमीटरवर ‘द लॉख’ नावाचं तळं येतं. काठावर दशम्या आणि लसणाच्या चटणीची शिदोरी सोडली. खारीसारखे छोटे चिपमंक पायाशी घुटमळत होते. त्यांना काही घालायचं नसतं. एकदा माणसाच्या खाण्याची चटक लागली की ते स्वतःचं अन्न शोधणं सोडतात.

तिथून वाट ओढ्याच्या काठानं दरीच्या तोंडाकडे जाते आणि समोर उभा राहतो टिंबरलाइन फॉल्स. झाडांची हद्द इथंच संपते. धबधब्याच्या उजव्या अंगानं ओल्या खडकांवरून चढायचं. तुषार अंगावर येत राहतात, काही खाचांतून पाणी वाहत असतं. तीन ठिकाणी पकड असल्याशिवाय चौथा अवयव हलवायचा नाही, हा आपला गडावरचा नियम इथंही तंतोतंत लागू. अलंगच्या कड्याशी तुलना करावी असं अवघड हे नाही, पण ग्रॅनाइट ओला झाला की पाय बेमालूम सटकतो. वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच खाचेत आले की थांबून वाट द्यावी लागते, आणि लोक न सांगता देतात.

वर पोचलं की लेक ऑफ ग्लास, आणि मोठाल्या दगडांवरून आणखी थोडं गेलं की ३,३०० मीटरच्याही वर स्काय पाँड. तिन्ही बाजूंनी कडे, उजवीकडे शार्कस्टूथचे सुळके, मागे टेलर ग्लेशियर. आणि पाणी निवळशंख. पुरुषभर खोलीवरचा दगडन् दगड मोजून घ्यावा.

मी त्या पाण्याकडे बराच वेळ बघत बसले. इतकं स्वच्छ का? आजूबाजूला उघडा ग्रॅनाइट आणि नाइस नावाचा तसाच कठीण खडक, माती अगदी थोडी. खडक पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे पाण्यात पोषकद्रव्यंच नसतात आणि शेवाळाला खायला काही मिळत नाही. पण हीच निर्मळता तळ्याचा कमकुवतपणाही आहे. या लॉख व्हेल खोऱ्यात १९८३ पासून शास्त्रज्ञ पाऊस, बर्फ आणि पाणी मोजताहेत. खालच्या मैदानातल्या शेतांतून, गुरांच्या मोठमोठ्या गोठ्यांतून आणि गाड्यांच्या धुरातून निघालेला नायट्रोजन, म्हणजे शेवाळाचं खतच, पूर्वेच्या वाऱ्यासोबत इथवर चढतो आणि बर्फातून, पावसातून तळ्यात उतरतो. त्यात उष्माही वाढतोय. तळाच्या गाळाचे नमुने काढले तेव्हा हिरवं शेवाळ अलीकडच्या दशकांत झपाट्यानं वाढल्याचं दिसलं.

“वारा ग्रीलीकडून फिरला की आमच्याकडे शेणाचा वास येतो, तेच ना हे?” बहीण म्हणाली. ग्रीली म्हणजे खालच्या मैदानातलं, गुरांच्या गोठ्यांचं शहर. तेच. घरच्या खिडकीत येणारा तो वास आणि समोरचं पाणी एकाच वाऱ्यानं जोडलेलं आहे, हे मला तिथं बसल्यावर कळलं आणि मन अस्वस्थ झालं. राज्य सरकार, केंद्राचं पर्यावरण खातं आणि राष्ट्रीय उद्यानांचं खातं यांनी २००७ मध्ये मिळून आराखडा केला आहे: इथं हवेतून उतरणारा नायट्रोजन २०३२ पर्यंत वर्षाला हेक्टरी दीड किलोवर आणायचा. खताचा नेमका डोस, पावसाळी वाऱ्याचा इशारा मिळताच शेण पसरणं पुढे ढकलणं, असे उपाय शेतकऱ्यांना सुचवले जातात. ते मनापासून पाळले जावेत.

दगडांच्या राशीत एक पिका दिसला, सशाच्या जातकुळीतला छोटा प्राणी. मुठीएवढा, कान गोल, तोंडात गवताची पेंढी. हा हिवाळाभर झोपत नाही, दगडांखाली गवत साठवून ठेवतो. तोंडातलं गवत न सांडता तो एका फटीत शिरला.

साडेअकराला कड्यामागून ढग वर येताना दिसले आणि आम्ही उठलो. जुलै-ऑगस्टात दुपारी विजा कोसळतात, म्हणून झाडांच्या हद्दीच्या वर दुपारी रेंगाळायचं नाही.

जाणार असाल तर हे लक्षात ठेवा. उन्हाळ्यात बेअर लेक रस्त्यासाठी ठरावीक वेळेचं आरक्षण लागतं, ते ऑनलाइन मिळतं. ग्लेशियर गॉर्जचा वाहनतळ छोटा आहे, उजाडायच्या आत भरतो, तेव्हा खालच्या तळावर गाडी लावून पार्कची मोफत बस पकडा. जूनमध्ये टिंबरलाइनच्या त्या घळीत बर्फ असू शकतो. बुटांना लावायचे काटे नसतील तर लॉखपर्यंतच जा, तेवढंही सुंदर आहे.